सज्जन भाडेकरू मिळवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

माणसाला राहायला एक घर पुरतं, ही त्याच्या आर्थिक प्रगतीतली सर्वांत मोठी अडचण आहे. घर एकच असलं की माणूस त्यात राहायला लागतो. राहायला लागला की त्याला ते आवडायला लागतं. आवडायला लागलं की तो भिंतीला खिळे ठोकतो, दारात कढीपत्ता लावतो, आणि ज्या वास्तूनं दरमहा उत्पन्न द्यायचं ती नुसती सावली देत बसते. अर्थशास्त्रात अशा मालमत्तेला मृत मालमत्ता म्हणतात. (मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. सुदर्शनराव म्हणतात.)

मी स्वतः सिडकोत, एन-सातमध्ये, अशाच एका मृत मालमत्तेत बायकोसह वर्षानुवर्षं सुखानं राहत होतो, हे आज सांगताना संकोच वाटतो. बैठं घर, मागं मोरी, पुढं हातभर अंगण, पाण्याच्या दिवशी भरून घ्यायला दोन टाक्या. नोकरी सरकारी खात्यात कनिष्ठ लेखाधिकाऱ्याची. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या बिलांवर आक्षेप घेतले आणि स्वतःच्या आयुष्यावर एकही घेतला नाही. निवृत्त झालो तेव्हा खात्यात एकदम पैसे आले. मला पैसे हळूहळू यायची सवय होती, त्यामुळे मी घाबरलो, आणि घाबरलेल्या माणसाला सल्ला देणारे लोक सकाळी बागेत फिरायला येतात.

आमच्या बागेतल्या मंडळाचं पूर्ण नाव 'राहत्या व न राहत्या घरांचे सुज्ञ गुंतवणूकदार मंडळ'. बैठक रोज सकाळी, एक फेरी मारून झाल्यावर, लिंबाखालच्या बाकावर. अध्यक्ष सुदर्शनराव, निवृत्त बँक मॅनेजर. त्यांनी हयातभर लोकांची कर्जं नामंजूर केली, त्यामुळे कर्ज या विषयावर त्यांचा अधिकार मोठा. उपाध्यक्ष तनुजाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. सचिव मी, कारण माझं अक्षर चांगलं. बाकीचे सभासद चहापुरते.

भाड्यानं द्यायचं घर कोणत्या पैशानं घ्यावं, याचे सुदर्शनरावांनी चार मार्ग सांगितले होते. ते जसेच्या तसे नोंदवतो.

पहिला, स्वतःच्या पैशानं. हा अडाणी मार्ग, यात आपले पैसे अडकतात. दुसरा, बँकेच्या पैशानं. यात पैसे बँकेचे अडकतात आणि आपण नुसते अडकतो. तिसरा, राहतं घर तारण ठेवून. हा सर्वांत प्रगत, कारण यात निवांत पडलेल्या घराला उठवून कामाला लावता येतं. चौथा, बायकोचे दागिने. (या मार्गाबद्दल मंडळात दोन मतं होती. घरी एकच होतं.)

मी तिसरा मार्ग धरला. एन-सातचं घर तारण ठेवलं आणि जालना रोडला, करमाडच्या अलीकडं, पाचव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. सुदर्शनराव आणि तनुजाबाईंनी त्याच इमारतीत घेतले. बिल्डरच्या माहितीपत्रकावर एक परदेशी साहेब गॅलरीत उभा राहून कॉफी पिताना दाखवला होता. शेंद्र्याला कंपन्या आल्या, अजून येणार, कंपन्यांबरोबर परदेशी साहेब येणार आणि ते आमच्याकडंच राहणार, असा हिशेब होता. माझ्या अंदाजानं जालना रोडवर परदेशी साहेबांसाठी राखून ठेवलेल्या फ्लॅटांची संख्या खुद्द साहेबांच्या चारशे पट असावी. (साहेबांची संख्या एक धरली आहे. तोही पुण्याला राहतो आणि येऊन-जाऊन असतो.)

साहेब येईपर्यंत देशी भाडेकरू ठेवायला हरकत नाही, असा ठराव झाला. पण भाडेकरू हा या व्यवसायातला एकमेव धोका आहे. घर, कर्ज, व्याज ही सगळी शिस्तीत वागतात. भाडेकरू तेवढा जिवंत असतो. म्हणून तिन्ही फ्लॅटांसाठी एकच अटींचा मसुदा करायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडं आलं. तीस वर्षांची नोकरी त्या कागदात मी ओतली. एकूण अटी तेवीस. वानगीदाखल काही:

अट चार. भाडेकरूनं भिंतीला खिळा ठोकू नये; आधीचा असल्यास काढू नये; त्याला काही अडकवू नये.

अट सात. स्वयंपाक शाकाहारी आणि शक्यतो वास न येणारा असावा.

अट नऊ. रात्री दहानंतर येऊ नये, सकाळी सहाच्या आत जाऊ नये.

अट अकरा. पाहुणा तीन रात्रींपुरता.

अट बारा. करारकाळात कुटुंबातली डोकी वाढवू नयेत. वाढवल्यास ते विनापरवाना वाढीव बांधकाम समजण्यात येईल.

अट एकोणीस. अकरा महिने पुरे होण्याआधी जागा सोडल्यास अनामत बुडेल. मालकानंही त्याआधी जागा मागू नये.

अट बारा ऐकून सुदर्शनरावांनी माझा हात हातात घेतला होता. "मुकुंदराव," ते म्हणाले, "तुम्ही बँकेत असतात तर एकही कर्ज बुडालं नसतं." (एकही दिलं गेलं नसतं, हेही खरं.)

पहिल्या सहामाहीत एकोणतीस अर्ज आले, त्यांचा निपटारा असा. अविवाहित असल्यामुळं नामंजूर, नऊ. रात्रपाळीमुळं, अकरा. (कंपन्या रात्रीही चालतात, हे माहितीपत्रकात नव्हतं.) नुकतंच लग्न झालेले, पाच, अट बारा, संभाव्य भंग. मासळी खाणारे, तीन. वकील, एक, वकिलाला नामंजूर करायला अट लागत नाही.

तिसावा अर्ज धम्मपाल यांचा होता.

धम्मपाल शेंद्र्याला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. पाळी कायम दिवसाची. बायको करुणा, कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. एक मुलगी, चौथीत. दुसरं मूल नको असं दोघांनी ठरवलेलं. घरात अंडंसुद्धा शिजत नाही, कारण करुणाबाईंना वास सहन होत नाही. पगाराची पावती अशी, की आम्हा तिघांची पेन्शन एकावर एक ठेवली तरी हात पुरला नसता. आम्ही ती पावती कौतुकानं दोनदा फिरवली. तेवीसच्या तेवीस अटींत बसणारं हे पहिलंच कुटुंब.

मग तनुजाबाईंनी शाळेच्या सवयीनं पूर्ण नाव विचारलं, मूळ गाव विचारलं. धम्मपालनी दोन्ही सांगितलं. सुदर्शनरावांनी चष्मा काढून पुसला, तो आधीच स्वच्छ होता.

"बघू," ते म्हणाले, "कळवतो."

"कळवतो म्हणजे काय, काका?" धम्मपाल म्हणाले. "मला दर वेळंला अर्धी सुट्टी टाकावी लागायली. हो म्हणा, नायतर नाय म्हणा. मी दुसरीकडं बघतो ना."

"तसं नाही हो. थोडं तांत्रिक आहे."

करुणाबाईंनी अटींचा कागद नीट घडी घालून माझ्या हातात परत दिला. "तेवीस वाचल्या, सर. तेवीस आमच्यात बसतात. चोविसावी कोणती आहे, तेवढी पण लिहून टाका. पुढच्या माणसाचं पेट्रोल वाचंल."

ती दोघं गेल्यावर तनुजाबाई म्हणाल्या, "मला स्वतःला काही नाही बाई. पण इमारतीतल्या लोकांचं बघावं लागतं." (इमारतीत वीस फ्लॅट. त्यांपैकी एकोणीस रिकामे, विसाव्यात वॉचमन.) माझं अक्षर चांगलं असल्यामुळं मी फक्त लिहिलं: 'अर्ज क्रमांक तीस. तांत्रिक कारणास्तव विचाराधीन.'

इकडं कर्जाचा हप्ता पेन्शनीच्या गळ्याशी आला होता. अंबिकेनं, म्हणजे आमच्या हिनं, दूध अर्ध्या लिटरवर आणलं. मंडळाची तातडीची बैठक झाली. सुदर्शनराव बराच वेळ लिंबाकडं बघत होते, आणि मग ते असं काही बोलले की मी उभा राहिलो.

"या शहरात," ते म्हणाले, "तेवीस अटींत बसणारे, शिवाय ज्यांच्यात काही तांत्रिक नाही, असे लोक किती?"

आम्ही मोजले. निवृत्त, शाकाहारी, रात्री दहाच्या आत झोपणारे, डोकी वाढण्याची शक्यता नसलेले, पेन्शनवाले, ओळखीचे. तीन निघाले. तिघंही बाकावरच बसले होते.

भाड्याच्या व्यवसायातला हा एवढा मोठा शोध दुसरीकडं कुठं लागल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आम्ही सगळे सज्जन भाडेकरू शोधत होतो, आणि सज्जन भाडेकरू म्हणजे खुद्द आम्हीच होतो. फक्त स्वतःच्या घरात राहून एकमेकांना वाया घालवत होतो. लगेच ठराव झाला. मी सुदर्शनरावांच्या उस्मानपुऱ्यातल्या घरात भाड्यानं राहावं, सुदर्शनरावांनी तनुजाबाईंच्या गारखेड्यातल्या घरात, आणि तनुजाबाईंनी माझ्या एन-सातच्या घरात. भाडं तिघांचं सारखं, महिना अठरा हजार. अटी त्याच तेवीस.

"म्हणजे तुम्ही अठरा देणार आणि तुम्हाला अठरा मिळणार," अंबिका म्हणाली. "मग ह्यात आपल्याला काय?"

मी तिला समजावून सांगितलं. स्वतःच्या घरात होतो तेव्हा माझं भाड्याचं उत्पन्न शून्य होतं. आता ते वर्षाला दोन लाख सोळा हजार झालं. (तेवढाच खर्च होतो, पण खर्चाचा रकाना वेगळा असतो.) शिवाय अशा उत्पन्नावर बँक दुसरं कर्ज देते आणि त्यातून बिडकीनला आणखी एक फ्लॅट घेता येतो. हप्ता होता तिथंच राहिला. पण आता तो उत्पन्न असलेल्या माणसाचा हप्ता होता, आणि असा हप्ता फेडताना मान ताठ राहते.

"त्यापेक्षा दारावरच्या नुसत्या पाट्या बदलल्या असत्या, तर भागलं नसतं?" ती म्हणाली. मी हा मुद्दा मंडळापुढं ठेवला. प्रत्यक्ष ताबा आवश्यक असल्यामुळं तो फेटाळला गेला.

एका रविवारी एकाच टेम्पोनं तीन खेपा केल्या. निघताना अंबिका रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहिली आणि ओट्यावरून हात फिरवत राहिली. मी तिला सांगितलं की मालकानं असं भावनिक होणं बरं नव्हे. ती टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.

भाडेकरू म्हणून मी किती गुणी निघालो, हे मलाच नवल वाटलं. दर पंधरा दिवसांनी सुदर्शनराव पाहणीला यायचे, खिळे मोजायचे, स्वयंपाकघराच्या दारात थांबून विचारायचे, "काल हिंगाची फोडणी होती का?" मी खाली मान घालून हो म्हणायचो. दुसऱ्या दिवशी मी स्वतः एन-सातला मालक म्हणून पाहणीला जायचो आणि माझ्याच सोफ्याच्या जागेवर ठेवलेल्या तनुजाबाईंच्या खुर्चीत पाठ ताठ करून बसायचो. ती वीस मिनिटं पंधरवड्यातली सर्वांत सुखाची असायची. अंबिका बरोबर आली नाही. एकदाच आली, तेव्हा तनुजाबाईंनी डास होतात म्हणून कढीपत्ता बुंध्यापासून छाटलेला होता. त्यानंतर दोन दिवस मला जेवण मिळालं, पण ताटाबरोबर शब्द मिळाला नाही.

आणि मग मृण्मयीचा फोन आला.

मृण्मयी आमची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन पुण्याला, जावई हिमांशूराव तिथं नोकरीला. तिला सातवा लागला होता. "आई, डोहाळजेवण इकडचे करतायत, पण बाळंतपणाला मी तुझ्याकडंच येणार," असं ती म्हणाली तेव्हा अंबिका फोन कानाला तसाच धरून रडायला लागली. फोन ठेवला आणि जुनी मऊ लुगडी काढून दुपट्यांचं माप घ्यायला लागली. डिंक, खारीक, अळीव असं म्हणत पिशवी शोधायला लागली. किती तरी महिन्यांनी त्या भाड्याच्या घरात कुणीतरी हसलं.

मी कायद्याचा माणूस. मी अटींचा कागद काढला. "अकरा नंबर," मी म्हणालो, "पाहुणा तीन रात्री. आणि बारा नंबर..."

अंबिकेनं माझ्याकडं बघितलं. सरकारी नोकरीत मी अनेक वरिष्ठांच्या नजरा झेलल्या आहेत, पण तसं कुणी कधी बघितलं नव्हतं.

"बाळ म्हणजे वाढीव बांधकाम?" ती म्हणाली. "हे तुम्ही लिहिलं?"

मी सुदर्शनरावांकडं सवलतीचा रीतसर अर्ज केला. त्यांनी तो तिथंच वाचला आणि त्यांचे डोळे खरोखर पाणावले. "मुकुंदराव, माझी नात असती तरी मी हेच म्हटलं असतं. अट तुमची आहे. तुमच्यासारख्या माणसाची अट मी मोडली, तर उद्या माझी काय पत राहणार?"

मग तनुजाबाईंकडं गेलो. तीन महिन्यांपुरतं माझं घर मला द्या, म्हणालो. "मी कुठं जाऊ?" त्या म्हणाल्या. "माझ्या घरात सुदर्शनराव आहेत. आणि एकोणीस नंबरप्रमाणं मालकाला अकरा महिन्यांत जागा मागता येत नाही. लिहिताना तुम्ही 'मालकानंही' हा शब्द अधोरेखित केला होता, मुकुंदराव." त्या मुख्याध्यापिका होत्या. अधोरेखित शब्द त्यांच्या लक्षात राहतात.

शेवटी मी बाकावर प्रस्ताव मांडला की आपण तिघंही एका रविवारी आपापल्या घरी परत जाऊ. टेम्पो मी करतो. सुदर्शनरावांना धक्का बसला. "आपल्याच घरी?" ते म्हणाले. "एका दिवसात तिघांचं उत्पन्न शून्यावर येईल! बिडकीनचं कर्ज मंजुरीला गेलंय. उद्या बँकेचा माणूस आला आणि आपण आपल्याच घरात सापडलो तर?" तो प्रश्न बिनतोड होता. प्रस्ताव मागं घेतला.

करमाडचा फ्लॅट रिकामाच होता, तो मी अंबिकेला सुचवला. "पाचवा मजला," ती म्हणाली, "लिफ्टच्या जागी खड्डा. पाणी टँकरचं. रस्त्याला दिवा नाही. पोरीला रात्री कळा आल्या तर?"

"भाडेकरूंना मी तोच देत होतो," मी म्हणालो.

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली.

मग एकच मार्ग उरला. सुदर्शनरावांचं भाडं चालू ठेवून तीन महिन्यांपुरतं आणखी एक घर भाड्यानं घेणं. म्हणजे दोन घरांचा मालक आणि दोन घरांचा भाडेकरू. मंडळाच्या इतिहासात एवढी मोठी उडी कुणी मारली नव्हती, आणि तशा परिस्थितीतही मला थोडा अभिमान वाटला.

आम्ही दोघं रिक्षानं पंधरा दिवस फिरलो. एके ठिकाणी बाळाच्या रडण्याची हरकत होती, दुसरीकडं बाळंतिणीच्या शेक-शेगडीची. तिसरीकडं म्हणाले, म्हातारी माणसं नकोत, मेली तर पुढचा भाडेकरू मिळत नाही. हे सगळे मालक मला पटत होते. मी मनातल्या मनात त्यांच्या अटी टिपून घेत होतो.

चिकलठाण्याला एका नव्या बंगलीच्या गेटवर पाटी दिसली, 'भाड्याने देणे आहे'. खालचा मजला, उजेड भरपूर, दवाखाना दहा मिनिटांवर. मी घाईनं बेल वाजवली. दार उघडलं करुणाबाईंनी.

त्यांनी ओळखलं. मीही ओळखलं, पण न ओळखल्यासारखं करावं का याचा विचार करत राहिलो, तोवर अंबिकेनं त्यांना सगळं सांगूनही टाकलं होतं. त्यांनी आत बोलावलं, पाणी दिलं, चहा टाकला. धम्मपाल आतून आले, माझ्याकडं बघून "बसा काका," म्हणाले आणि समोर बसले. बंगली त्यांनी त्यानंतरच्या महिन्यांत बांधून घेतली होती.

"तुमचं स्वतःचं घर हाय ना?" करुणाबाईंनी विचारलं.

"दोन," मी म्हणालो. सवयीनं छाती जरा पुढं आली. "शिवाय एक भाड्याचं. तिसरं बिडकीनला मंजुरीत."

"इतकी घरं, अन् लेकीच्या बाळंतपणाला एकबी नाय?" धम्मपाल म्हणाले. ते चिडवत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. इंजिनिअर माणूस, जोडणी कुठं चुकली ते शोधत होता.

"आमची अट एकच आहे," करुणाबाई म्हणाल्या. "ज्याला स्वतःचं घर आहे त्याला द्यायचं नाही. बाहेर पाटीवर लिहिलंय, सर."

परत जाताना मी पाटी वाचली. 'भाड्याने देणे आहे' याच्या खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'ज्यांना स्वतःचं घर नाही त्यांनीच भेटावं'. मी वरचीच ओळ वाचून बेल वाजवली होती. अट लेखी होती, स्पष्ट होती आणि सगळ्यांना दिसेल अशी लावलेली होती. लेखाधिकारी म्हणून मला त्यावर एकही आक्षेप घेता येईना, आणि याचा मला फार त्रास झाला.

अंबिका मात्र गेटशी थांबली होती. करुणाबाई तिला विचारत होत्या, "पहिलंच का हो, ताई?"

"पहिलंच. आठवा लागंल आता."

"मग तिला कशाला इकडं आणता एवढ्या प्रवासाचं? तुम्हीच जा की तिकडं."

घरी आल्यावर अंबिकेनं दुपटी घडी करून बॅगेत भरली, डिंकाचे लाडू डब्यात भरले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पुण्याला गेली. हिमांशूरावांचं घर भाड्याचंच आहे, दोन खोल्यांचं. तिथल्या मालकीणबाईंना तिनं फोनवरच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, या की, शेगडी आमच्याकडं आहे. (ही मालकीणबाई व्यवसायात किती दिवस टिकेल, याची मला शंका आहे.)

मी गेलो नाही. ताबा सोडून जाणं करारात बसत नव्हतं.

नात झाली. मी तिला पहिल्यांदा फोनच्या काचेत बघितलं, सुदर्शनरावांच्या घरात, बिनखिळ्याच्या भिंतीशी उभा राहून. तिनं जांभई दिली. फार वाईट वाटलं, आणि ते कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळेना. बारसंही तिकडंच झालं. अंबिकेनं फोनवर पाळणा ऐकवला. मी आवाज बारीक ठेवला, कारण दहा वाजून गेले होते. आता ती सांगते की मृण्मयी बाळाला घेऊन येईल, पण एन-सातच्या घरात. "आपल्या घरात आणणार असाल तर आम्ही तिघी येतो. नाहीतर मी इथंच बरी आहे," असं ती म्हणाली, आणि या वेळी तिच्या आवाजात राग नव्हता, याची मला जास्त भीती वाटली.

म्हणून हा लेख. हे कथन मी केवळ मनोरंजनासाठी लिहिलेलं नाही, त्यात एक कामाची गोष्ट आहे. आमच्या साखळीत एका चौथ्या सभासदानं यावं. त्यानं आपलं घर सोडून सुदर्शनरावांच्या घरात, माझ्या जागी, राहायला जावं. तनुजाबाई त्याच्या घरात जातील. माझं घर मोकळं होईल आणि माझी नात त्यात येईल. माझ्याखेरीज कुणाचंही उत्पन्न बुडणार नाही.

असा सभासद कुठं शोधावा, याचा मी बरेच दिवस विचार केला, आणि मग माझ्या लक्षात आलं की तो हे वाचतोच आहे.

वाचकहो, मी तुम्हाला धम्मपालांची नोकरी सांगितली, पगार सांगितला, घरातलं जेवणखाण सांगितलं. त्यांच्या अर्जात तांत्रिक काय होतं, हे मात्र मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुठंही लिहिलेलं नाही. हवं तर मागं जाऊन तपासा. तरी तुम्हाला ते कळलं. त्यांचं नुसतं नाव वाचलंत तेव्हाच कळलं, पगाराची पावती पुढं यायच्या आधी. (काहींना कळून राग आला असेल. त्यांचे अर्ज विचाराधीन ठेवण्यात येतील.)

मुलाखतीची गरज नाही. तुम्ही आमच्यातलेच आहात. सामान बांधून ठेवा, रविवारी टेम्पो पाठवतो.